चौऱ्याहत्तर बाटल्यांची यादी

बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते, तेव्हा मी तिची यादी पुसली. मुद्दाम नाही पुसली. पण पुसली मीच, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं झाकून ठेवलं.

यादी बियाण्याची होती. तिला भाजीपाल्याचं बी राखायचा नाद होता. बाजारातलं पाकीट तिनं कधी घरात येऊ दिलं नाही. वेलीवरचं पहिलं चांगलं फळ ती चिंधी बांधून राखायची, त्याला हात लावला तर माझीसुद्धा गय नव्हती. ते वाळलं की बी काढायचं, राखेत घोळायचं, वर कडुनिंबाचा वाळका पाला टाकायचा आणि बाटलीत भरायचं. खोकल्याच्या औषधाच्या, मधाच्या, लोणच्याच्या, मिळेल त्या बाटल्या. फळीवर अशा चौऱ्याहत्तर झाल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर फक्त आकडा. नाव नाही. ती शाळेत गेलीच नव्हती, आकडे तेवढे तिला लिहिता येत. कोणत्या आकड्यात काय आहे ते सगळं तिच्या डोक्यात.

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावातल्या बाया आमच्या ओट्यावर येत. मूठभर बी न्यायचं आणि पिकलं की दोन मुठी आणून द्यायच्या. एक मूठ बाटलीत, दुसरी मूठ पुढच्या बाईला. हा कायदा तिचाच. चाळीस वर्षं चालला आणि कोणी मोडला नाही. एकीनं मोडला होता, तिच्याशी ही तीन वर्षं बोलली नाही.

तिचं दुखणं कळल्यावर सुनेनं शहाणपणा केला. सून आमच्या गावच्याच शाळेत मास्तरीण आहे. पोरगा नोकरीला नाशिकला, महिन्यातून एकदा येतो. सून रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन सासूजवळ बसायची. सासू बाटली हातात घेऊन बोलायची, सून टाइप करायची. आकडा, बी कोणतं, कोणाकडून आलं आणि शेवटच्या खान्यात "सांगणं". म्हणजे ते लावायचं कसं, हे तिच्याच बोलीत, जसंच्या तसं. मी बाजूला बाजेवर पडून असायचो, पण कानात रेडिओचं बोंडुक घातलेलं. ऐकलं नाही. आता वाटतं ऐकायला पाहिजे होतं.

ती गेल्यावर मी घरात नुसता फिरायचो. सुनेनं मला लॅपटॉपवर मराठी टाइप करायला शिकवलं, माझं मन लागावं म्हणून. मी चौथी शिकलेला, पण अक्षर चांगलं. ग्रामपंचायतीत शिपाई होतो. नळ किती वाजता येणार, पोलिओचा डोस कधी, ग्रामसभा कधी, हे सगळं दारातल्या काळ्या फळ्यावर मीच लिहायचो. आता हात थरथरतो, खडू धरवत नाही. बटण दाबायला थरथर आड येत नाही.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं. कोणाकोणाला सांगायचं त्याची यादी करायची होती. सून तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जळगाव जामोदला गेलेली. मी म्हटलं, तिच्यासाठी कशाला थांबायचं, आपल्याला येते की. लॅपटॉप उघडला. समोर एक फाइल दिसली, तीत आयते चौकोन आखलेले. बायांची नावं, गावांची नावं, ओळीनं मांडलेली. मला बरं वाटलं. रेघा मारायचं काम वाचलं, एवढंच पाहिलं; आत काय लिहिलंय ते वाचलंच नाही.

आणि मी काय केलं, तर फळ्याचं केलं. तीस वर्षं मी तेच केलं होतं. सकाळी यायचं, कालचं ओल्या फडक्यानं पुसायचं, आजचं लिहायचं. कालचं कोणाला पाहिजे असते? सगळे चौकोन निळे केले, एक बटण दाबलं, साफ. मग पाहुण्यांची नावं टाकली. डोणगावचे मेहुणे, सोनाळ्याची साळी, सोयरे, भाऊबंद. एकाहत्तर नावं झाली. बंद करताना यंत्रानं विचारलं, ठेवू का? मी म्हटलं, ठेव बाबा, दुपारभर खपलो.

दोन दिवसांनी शेजारीण आली. पंच्याहत्तरीची आहे, पण आवाज असा की बैल बिचकावा.

"भाऊ, आखजी चार दिवसांवर आली. मले पांढऱ्या भेंडीचं बी पाह्यजे. कितव्या बाटलीत हाये?"

"थांबा, यादीत पाहून सांगतो," मी ऐटीत म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

यादीत सोयरे होते.

वर पाहिलं, खाली पाहिलं, बंद करून पुन्हा उघडलं. पांढऱ्या भेंडीच्या जागी डोणगावचे मेहुणे बसलेले.

"काय झालं भाऊ, तोंड काऊन उतरलं?" शेजारीण म्हणाली.

"काही नाही. उद्या या."

ती गेली आणि मी फळीसमोर जाऊन उभा राहिलो. चौऱ्याहत्तर बाटल्या, चौऱ्याहत्तर आकडे. भेंडी मला ओळखता येते हो, पण भेंड्याच पाच जातीच्या होत्या. मिरचीच्या नऊ. टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात, त्याच्या सहा. सगळ्यांचं बी एकसारखं. आता ती चाळीस वर्षांची राखण म्हणजे नुसता दाण्यांचा ढीग होता, आणि तो तसा मी केला होता. बायको गेली तेव्हा दैवाला शिव्या देता आल्या. इथं शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

सुनेला फोन लावला.

"बाई, मी एक घाण केली."

तिनं सगळं ऐकलं. चिडली असेल, पण मास्तरणी आवाजात एकेक विचारत गेली. "मामाजी, फाइल बंद केली होती काय?"

"केली. ठेवू का म्हणे, मी ठेव म्हटलं."

"मग उलटं फिरवाचं बटण आता कामाचं नाही. कचऱ्याच्या डब्यात पाहा बरं."

पाहिलं. "इथं नाही काही."

"नसनच. तुम्ही फाइल फेकली नाही न, तिच्यावरच लिहिलं. आता फाइलवर उजवं बटण दाबा. जुनी आवृत्ती दिसते काय?"

"कोरं आहे."

ती म्हणाली, "ते माहीच चूक हाये. ते आधी चालू करून ठेवा लागते. मी दुसरी नक्कलही नाही ठेवली. आज करू, उद्या करू म्हणत राह्यली."

तिचा आवाज रडवेला झाला, तसा मलाच धीर आला. "तू नको रडू. पुसणारा मी."

"मामाजी, आता लॅपटॉपले हात लावू नका. बंद करा. मी उद्या येतो." फोन ठेवता ठेवता ती थबकली. "थांबा, थांबा. आत्याबाईच्या मोबाइलवर टाकली होती मी. दवाखान्यात होत्या तेव्हा. नर्सबाईकडून वाचून घ्यायच्या त्या, आठवते काय?"

आठवत होतं. नर्स गोळ्या द्यायला यायची आणि ही तिला म्हणायची, आधी वाच. तो मोबाइल मी तिच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. अकरा महिने चार्ज केला नव्हता. पोरानं एकदा मागितला तर त्याच्यावर ओरडलो होतो. का ते विचारू नका. चालू केला आणि त्यात तिचा फोटो दिसला तर मी काय करणार होतो, एवढंच.

त्या संध्याकाळी पेटी उघडली. चार्जरला लावला. बराच वेळ काळाच राहिला, मग उजेड आला. फोटो तिचा नव्हता. आमच्या परसातल्या कोहळ्याचा होता. एवढा मोठा कोहळा, आणि त्याच्यामागे अर्धवट माझी टांग. मला हसूच आलं. अकरा महिने कोहळ्याला भिऊन बसलो होतो.

पण कुलूप. नऊ ठिपके, त्यांच्यावर बोट फिरवायचं. ती कसं फिरवायची ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पोराला विचारलं, त्याला माहीत नाही. सुनेला माहीत नाही. मग सोनाळ्याला साळीला फोन केला. मोबाइल तिनंच बहिणीला शिकवलेला.

"हाव, मले माहीत हाये," ती म्हणाली. "माह्याच मोबाइलचं कुलूप तिले लावून देलं होतं मी. दोघी बहिणीचं एकच."

"मग सांग न."

"फोनवर सांगन मी तुमाले? तुम्ही ठिपका धरान एक अन् जासान दुसरीकडे. यादी पुसली, आता मोबाइल फुकसान. सकाळच्या गाडीनं येतो मी. भाकरी टाकून ठेवजा."

"मी टाकू भाकरी?"

"मंग काय मी टाकू? पाव्हणी हाये मी!"

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच वेळी दारात. सून जळगावच्या बसनं, साळी सोनाळ्याच्या जीपनं. साळीनं माझी भाकरी उचलून उजेडात धरली, तिच्यातून आरपार पाहिलं, आणि खाली ठेवली. मग मोबाइल घेतला, पदरानं पुसला, बोट फिरवलं. उघडला.

सुनेनं फाइल लगेच उघडली नाही. आधी वायर लावून लॅपटॉपात तिची नक्कल घेतली, मग पेनड्राइव्हवर दुसरी. "आता उघडू," म्हणाली. चौकोन आले. एक, दोन, तीन, खाली खाली गेली. एकसष्ट. दवाखान्यातून आल्यावर तिनं तेरा बाटल्या आणखी सांगितल्या होत्या, त्या यात नव्हत्या. पण एकसष्ट होत्या. मी खुर्ची जवळ ओढून बसलो.

"वाच," मी म्हटलं. "शेवटचा खानाही वाच."

सून जरा कचरली. "मामाजी, ते राहू द्या न. त्यात त्यांचं बोलणं हाये."

"म्हणूनच वाच."

तिनं वाचायला घेतलं. "नऊ नंबर. चोपडा दोडका. सोनाळ्याच्या बहिणीकडून. एका आळ्यात दोनच बिया टाका. तिसरी टाकली तर तिघी भांडतात, आम्ही तिघी बहिणी भांडत होतो तशा."

साळी म्हणाली, "भांडत तीच होती. आम्ही ऐकत होतो."

"बावीस. दुधी. याले मांडव उंच लागते. आमच्या मालकाच्या हातचा मांडव महिनाभर टिकत नाही. शेजारून माणूस बोलवा."

मी म्हटलं, "असं लिहिलं आहे?"

"तसंच सांगितलं त्यायनं. मी काय करू?" सून पदर तोंडाला लावून हसत होती. "तेहेतीस. लवंगी मिरची. लावताना बोलू नका. मालक जवळ असले तर दुसऱ्या दिवशी लावा. चाळीस. लाल भोपळा. घरच्या माणसाले पाणी देऊ देऊ नका, तो म्हशीले पाजल्यासारखं पाजते. सत्तेचाळीस. पोपटीचे वाल. हे मात्र मालकाच्या हातानं लावा. त्याच्या हाताले वाल बरा लागते. काऊन ते माहीत नाही."

साळी एवढी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा घरात असा दंगा झाला. बाजेवर पडून मी रेडिओ ऐकत होतो, आणि ही तीन हातांवर माझी धुलाई करून सुनेकडून लिहून घेत होती! वालाच्या ओळीला मात्र मी उठून आडात दोर सोडायच्या निमित्तानं बाहेर गेलो. पाणी नको होतं.

उरलेल्या तेरांचं सुनेलाही नीट आठवेना, तेव्हा साळी म्हणाली, "ते बी कुठून आलं? गावातूनच आलं न. मंग गावच सांगन."

आखजीला सकाळी पितरांना घास टाकला. यंदा त्यात तीही होती. मग ओट्यावर सतरंजी टाकली आणि तेरा बाटल्या तेरा ताटल्यांत ओतल्या. बाया आल्या तशा सुनेनं त्यांना सगळं सांगितलं. मी कोपऱ्यात, गुन्हेगार.

"आबाजी, यादी पुसली म्हणे तुम्ही?"

"हो, पुसली."

"बरं झालं, निदान घरातलं काही काम केलं."

मग त्या ताटल्यांवर तुटून पडल्या. दाणा दाताखाली धरायचा, थुंकायचा. हातावर चोळायचा, वास घ्यायचा. "हे माह्या मायचे ढेमसे, असा डाग दुसऱ्या कोणाच्या ढेमशाले नाही." "हे वाळूक हाये." "वाळूक कायचं, काकडी हाये, डोळे तपासून घे." "मी देलं तिले, मले नाही माहीत?" दोन म्हाताऱ्यांचं गवारीवरून एवढं जुंपलं की शेवटी त्यांनी पैज लावली, पिकल्यावर पाहू. शेजारणीनं पांढरी भेंडी यादीतून केव्हाच घेतली होती, तरी ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही. सून प्रत्येकीला विचारून टाइप करत होती: कधी दिलं, कसं लावायचं, सांगा. आणि बाया सांगत होत्या. आता "सांगणं" त्यांच्या बोलीत भरत होतं, आणि ते काही कमी तिखट नव्हतं.

बारा बाटल्यांचा पत्ता लागला. एक राहिली, अडुसष्ट नंबर. वांग्याचं बी आहे एवढं सगळ्यांनी कबूल केलं. कोणतं वांगं, कोणाचं, ते कोणालाच ठाऊक नाही. कोणत्याही वांग्याचं बी सारखंच दिसणार.

"लावून पाहा," साळी म्हणाली. "झाडाले इचारा."

त्या दिवसापासून सुनेनं घरात कायदा केला. ही फाइल तीन जागी राहते. एक लॅपटॉपात, एक इंटरनेटवर, जिथं मागचं रूपही पाहता येतं, आणि एक पेनड्राइव्हवर सोनाळ्याला साळीच्या घरी. साळीनं तो तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला आहे, म्हणे तिथं उंदीर जात नाही. काही बदललं की जुन्या फाइलवर लिहायचं नाही, नाव बदलून पुढे तारीख टाकायची. मूळ फाइल तर अशी करून ठेवली आहे की मी उघडली तरी ती मला लिहू देत नाही. मला राग नाही आला. माझ्यासाठीच केलं ते.

यातली एक गोष्ट माझी आहे, ती मी सांगतो. नक्कल केली म्हणून काम झालं असं नाही, ती उघडून पाहायला पाहिजे. पेरण्याआधी ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून किती उगवतात ते पाहतो की नाही, तसं. महिन्यातून एकदा मी साळीला फोन करतो, "काढ डाळीतून, तुझ्या पोराच्या कॉम्प्युटरवर लाव, अडतीस नंबरला काय आहे सांग." ती शिव्या देते आणि वाचून दाखवते. मलाही दुसरं काय पाहिजे! आणि बाटल्यांतही आता आत चिठ्ठी टाकली आहे, पेन्सिलीनं लिहिलेली, म्हणजे ओल लागली तरी अक्षर फुटायचं नाही. खरं तर हे सगळं तिला माहीतच होतं. प्रत्येक बियाची अर्धी मूठ ती सोनाळ्याला बहिणीकडे ठेवायची, तिथंही नुसता आकडा घालून. जोड ठेवायची तिला सवय होती. यादीची जोड ठेवायचं आम्हाला सुचलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. पाहुण्यांची यादीही सुनेनं वेगळ्या नावानं ठेवली होती, एकाहत्तर नावं पक्की, कोणी सुटलं नाही. डोणगावच्या मेहुण्यांना मी सांगितलं की तुम्ही काही दिवस भेंडी होता. ते अजून घरी विचारतात, म्हणजे काय.

अडुसष्ट नंबरची रोपं मी परसात लावली. पाणी मी दिलं नाही, सुनेनं दिलं. दसऱ्याच्या सुमाराला फळ धरलं. लांबोळकं, फिकं हिरवं, देठाजवळ जांभळी झाक, काटा नावाला नाही. असं वांगं मी या गावात पाहिलं नव्हतं. बाया येऊन पाहून गेल्या, साळी येऊन पाहून गेली. कोणाचंच नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिलं असेल, असं सून म्हणते. असेलही. ही तिथंही बी मागत असणार.

भरीत केलं. गोड लागलं. पहिलं फळ चिंधी बांधून राखलं, तेव्हा बाया आतापासूनच पुढच्या आखजीची मूठ सांगून ठेवू लागल्या. म्हणून यादीत नीट भरणं आलं. नक्कल काढली, नाव बदललं, तारीख टाकली आणि सुनेसमोर मी स्वतः टाइप केलं. अडुसष्ट. हिरवं वांगं, बिनकाट्याचं. सांगणं: मालकाले पाणी देऊ देऊ नका, भरीत करा, तेल कमी लागते.

"कोणाकडून" हा खाना राहिला. त्यात मी तिचं नाव घातलं.

सून म्हणाली, "मामाजी, हे काही खरं नाही. त्यायलेही कोणीतरी देलं असन."

"ते मले माहीत आहे. आम्हाले तिनं दिलं. ठेव आता."

तिनं तिन्ही जागी ठेवलं.